एसआर-टी 101 : काटा हलला, पण खरं किती बोलतो?

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या मिनोल्टा एसआर-टी 101 या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं शटर सगळ्या वेगांना नीट चालतं, उजेड मोजणारा मीटर मात्र मेलेला आहे. आता मीटरचा काटा हलतो. त्याला तीन रविवार लागले आणि त्यातले दोन निव्वळ माझ्या मूर्खपणात गेले.

सेलचा कप्पा उघडला तेव्हा आत पांढरा-हिरवा थर साचला होता. आधीच्या मालकाने सेल आत ठेवूनच कॅमेरा कपाटात टाकला असणार. गळलेलं द्रव अल्कधर्मी असतं, म्हणून काडीला कापूस गुंडाळून आधी व्हिनेगर लावलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतलं. पत्री चकाकली. नवा सेल घातला, तळाचा स्विच 'बीसी'वर, म्हणजे बॅटरी तपासणीवर नेला. काटा ढिम्म.

खालचं झाकण काढून वायरच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावला, तर चक्क 1.4 व्होल्ट! म्हणजे वीज पोचतेय, म्हणजे मीटरचं कॉइल तरी जळलंय नाहीतर पेंटाप्रिझमवरचे (व्ह्यूफाइंडरच्या काचेवरचे) उजेड टिपणारे दोन सीडीएस सेल तरी गेलेत, असा निष्कर्ष मी काढून मोकळा झालो. वरचं झाकण उघडायला हात शिवशिवत होते. नशीब, उघडलं नाही. शटरच्या वेगाची खबर या कॅमेऱ्यात बारीक दोरीने मीटरपर्यंत पोचते, आणि ती एकदा घसरली की परत जागेवर बसवण्यात दिवस जातो.

दुसरा रविवार संपता संपता डोक्यात उजेड पडला. मोजताना कॅमेऱ्याचा स्विच बंद होता! डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगओहम, तो प्रवाह जवळजवळ ओढतच नाही. प्रवाह नाही तर सडक्या वायरमध्ये व्होल्टेज पडणार तरी कसं? स्विच चालू करून तिथेच पुन्हा मोजलं, तर 1.4 चे झाले 0.3. चोर सापडला. तेव्हा मोजायचं ते भार असतानाच, हे आता झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय.

वायर बाहेरून ठणठणीत दिसत होती. सोलली तर आतलं तांबं काळं ठिक्कर. गळलेलं द्रव आवरणाच्या आतून वर चढत जातं, त्यामुळे नुसतं टोक कापून भागत नाही. काळ्या तांब्यावर सोल्डर धरतही नाही, गोळी होऊन घरंगळतं. म्हणून कप्प्यापासून स्विचपर्यंतची अख्खी वायर बदलली. कप्प्याचं प्लास्टिक वितळू नये म्हणून सोल्डरिंग आयर्न टेकवायचं आणि लगेच उचलायचं. स्विच 'बीसी'वर नेला आणि काटा उडी मारून खुणेवर गेला. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे ओरडलो ते कोणी ऐकलं नाही.

पण हलणारा काटा म्हणजे खरा काटा नव्हे. 1966 साली हा कॅमेरा आला तो 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतून. तो सेल आता मिळत नाही. 1.5 व्होल्टचा अल्कलाइन घातला की काटा जास्त उजेड दाखवतो आणि फिल्म अंडरएक्स्पोज होते, म्हणजे तिला उजेड कमी पडतो. शिवाय त्याचं व्होल्टेज वापरागणिक उतरत जातं, म्हणजे चूकही रोज निराळी. सिल्व्हर ऑक्साइड सेलच्या वाटेत व्होल्टेज थोडं उतरवणारा शॉटकी डायोड जोडण्याचा उपाय बरेच जण करतात. मला तो अर्धवट वाटतो, कारण डायोडवर पडणारं व्होल्टेज प्रवाहावर ठरतं. मंद उजेडात प्रवाह घटला की तेही घटतं. मी श्रवणयंत्राचा 675 नंबरचा झिंक-एअर घेतला. व्होल्टेज साधारण 1.4 आणि बराच काळ स्थिर. व्यास 11.6 मिलिमीटर, कप्पा 16 चा, म्हणून भोवती रबरी रिंग बसवली. स्टिकर काढल्यावर सेलला काही मिनिटं हवा खाऊ द्या, नाहीतर पुन्हा माझ्यासारखे वायरवर संशय घ्याल.

मग एकसारखा उजेड पडलेली कोरी भिंत गाठली आणि खात्रीच्या दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिलं. भर उन्हात आणि सावलीत फरक एक-तृतीयांश स्टॉपच्या आत आला (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), यावर मी खूश आहे. दिव्याच्या उजेडात मात्र काटा दोन-तृतीयांश स्टॉप जास्त दाखवतो. सगळीकडे सारखी चूक असती तर एएसएची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) डायल सरकवून मोकळं होता आलं असतं, पण ही एकाच टोकाला आहे. सीडीएसला उजेडाची आठवण राहते, म्हणून उन्हातून आत आल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. फरक तेवढाच राहिला.

मीटर जुळवणाऱ्या आतल्या रोधाला सध्या हात लावणार नाही. घरात 400 ची फिल्म वापरताना डायल 250 वर ठेवतो, बाहेर 400 वर. चुका न खपवणाऱ्या स्लाइड फिल्मची घाई नाही. निगेटिव्हचा रोल भरलाय, बारावी फ्रेम झालीय, प्रत्येक फ्रेमचं रीडिंग वहीत लिहितोय.