बुचावरचा आळ

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कृष्णाकाठच्या एका गावची बोट ट्रॉलीवरून आमच्या शेडमध्ये उतरली. सोळा फुटी, फायबरची, पंधराएक वर्षांची. मागे २५ एचपीचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. सोबत आलेल्या दोघांचं म्हणणं एकच होतं.

"मिस्त्री, बुचातनं पानी येतंय. नवं बूच घाला आन सांजच्याला सोडा आमाला."

तासाला किती येतं, असं विचारलं. "दोन बादल्या. मानसं जास्त बसली की तीन."

बूच, म्हणजे बोटीत साचलेलं पाणी सोडायच्या मागच्या भोकाचं झाकण, काढून पाहिलं. रबर कडक पडलं होतं, पण पितळी बाहीचे आटे शाबूत होते. असं बूच ठिबकतं, बादल्या भरत नाही. त्यामुळे बुचाचा नाद सोडून मी ओबीएमचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि वरखाली दाबला. नजर मात्र इंजिनावर नव्हती. मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, बाजूच्या भिंतीला जिथे मिळते तो कोपरा मी बघत होतो. चांगल्या बोटीत तिथे काहीच हलत नाही. इथे दाबलं की कोपऱ्यातली भेग ओठासारखी उघडायची, सोडलं की मिटायची, आणि प्रत्येक वेळी तिच्यातून तपकिरी पाण्याचा बुडबुडा बाहेर यायचा. बोट गेल्या ऑगस्टनंतर नदीत उतरलेलीच नव्हती. म्हणजे हे पाणी नदीचं नव्हतं. ताडपत्री फाटली होती, आणि परतीचा पाऊस न्‌ नंतरचे वळीव त्या फळीत मुरले होते.

फायबर बोटीची मागची फळी नुसत्या फायबरची नसते. बाहेर फायबरचं एक कातडं, आत दुसरं, आणि मधे प्लाय. इंजिनाचा भार तो प्लाय पेलतो. पंखा खाली पाण्यात पुढे ढकलतो, त्यामुळे ब्रॅकेटची खालची कड फळीत रुतते आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. इंजिन पन्नासेक किलोचंच असलं तरी फुल थ्रॉटलला त्या भोकांवर त्याच्या कितीतरी पट ओढ बसते. भोकातलं सीलंट एकदा सुटलं की पाणी थेट प्लायमध्ये शिरतं. आणि गोड्या पाण्यात लाकूड समुद्रापेक्षा लवकर कुजतं, कारण बुरशीला मीठ सोसत नाही. नदीवरची बोट म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात.

नाण्याने फळी वाजवत गेलो. कडेला टणटणीत आवाज, मधे बोल्टांच्या पट्ट्यात भद. आवाजावर सगळं सोडत नाही मी. आतल्या बाजूने ३ मिमी ड्रिलने सहा भोकं घेतली. वरच्या दोन कोपऱ्यांतून कोरडा पिवळा भुसा आला. मधल्या दोन्हींतून काळा चिखल. खालच्या दोन्हींतून आधी पाणी, मग चिखल.

तरी दोघांना पटेना, कारण पाणी बुचापाशीच दिसतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग इंजिन उतरवलं, कपड्यांची नीळ पाण्यात कालवली आणि मोठ्या सिरिंजने खालच्या डाव्या बोल्टाच्या भोकात सोडली. पावशेर पाणी भोकाने गटागटा पिऊन टाकलं, बाहेर थेंब नाही. सात-आठ मिनिटांनी बुचाच्या बाहीच्या कडेने, आतल्या बाजूला, निळी रेघ उतरली. बूच बसवताना कोणीतरी प्लायमधून भोक पाडून त्याच्या कडा तशाच उघड्या ठेवल्या होत्या. माणसं बसली की बोटीचं बूड खाली जातं. त्यात थ्रॉटल एकदम सोडला की मागची लाट फळीवर चढते आणि खालचे बोल्ट पाण्यात जातात. तिथून शिरलेलं पाणी कुजक्या प्लायमधून वाट काढून बुचाशेजारी बाहेर पडायचं, आणि आळ बुचावर यायचा.

शेडमध्ये बोट असताना दुसरी चाचणीही उरकून घेतली. बोट टेकूंवर नीट बसवून मागच्या भागात चार इंच पाणी भरलं. याहून जास्त भरायचं नाही. तेवढंच दीडशे लिटर होतं, म्हणजे दीडशे किलो, आणि शेडमधल्या बोटीच्या तळाला खालून नदीचा आधार नसतो. बाहेरून तळ पुसून खडूची पूड चोळली. कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या उभ्या कडेवर, घाटाच्या पायरीला घासून घासून झिजलेल्या जागी, एक ओली रेघ उमटली. ती दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. खरं काम फळीचं.

"वरनं पत्रा मारून भागंल का?" हा प्रश्न येणारच होता. पत्रा आधीच मारलेला होता. त्याखाली सिलिकॉन, त्याखाली एम-सील, आणि बोल्ट लोखंडी. प्रत्येकाने वरून झाकलं आणि आतलं पाणी आतच कोंडलं. सिलिकॉनचा तर मला रागच आहे. फायबरला ते धड धरत नाही, आणि त्याचा अंश राहिला तर पुढे त्या जागी ना रेझिन चिकटत ना रंग. आणि पुराचा विचार करायचा तर, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तसल्या पाण्यात ही फळी इंजिनासकट सुटली असती, तर मागे राहिलेल्या भगदाडातून बोट भरायला दोन मिनिटंही लागली नसती. मी स्पष्ट सांगितलं, बारा दिवस लागतील. फोनाफोनी झाली आणि बोट राहिली.

आतलं कातडं कापण्याआधी बाहेरून फळीला दोन सरळ लोखंडी अँगल आवळले. हे विसरलं की प्लाय काढल्यावर बाहेरचं पातळ कातडं पोट काढतं, आणि नवी फळी त्याच वाकड्या आकारात कायमची चिकटते. मग चारही बाजूंना दोन इंचांची पट्टी सोडून ग्राइंडरने आतलं कातडं कापलं. प्लाय पटाशीने काढायची वेळच आली नाही. मधला भाग हातानेच निघाला, कारखान्याच्या मळीसारखा काळा आणि आंबूस वासाचा. कडेचं चांगलं लाकूड मात्र तासभर झगडून सुटलं. तेही काढलं. अर्धं जुनं ठेवलं की बुरशीचं विरजण आपणच लावून ठेवतो.

पाच दिवस पंखा लावून वाळवलं. सांगलीचं मे महिन्यातलं ऊन इथे कामी आलं. मग ४० नंबरच्या डिस्कने आतली बाजू पांढरी होईपर्यंत घासली आणि ॲसिटोनने पुसली.

प्लाय आयएस ७१० छापाचाच, म्हणजे मरीन प्लाय, घेतला, १८ मिमीचे दोन थर, मिळून ३६. पुठ्ठ्याचा साचा कापून आधी कोरडा बसवून पाहिला. कडा इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर घालून घट्ट होणाऱ्या चिकट रेझिनने, तीन वेळा पाजल्या, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. या कामाला साधं पॉलिएस्टर रेझिन मी वापरत नाही. लाकडाला आणि जुन्या फायबरला त्याची पकड कमी. शिवाय दोघांच्या घरी रेझिनचा जुना डबा होता आणि उरलेलं काम घरीच करू म्हणत होते, म्हणून त्यांना बजावलं : पॉलिएस्टरचा कोबाल्ट (रेझिन लवकर वाळवणारं द्रव) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, हार्डनर नंतर.

इपॉक्सीचं गणित वेगळं. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, वजनकाट्यावर मोजून. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातला तर ते वाळत नाही, चिवट मऊ राहतं. आणि ३८ अंशांत मगभर मिश्रण करून ठेवलं की दहा मिनिटांत धूर निघतो. सकाळी सहा ते नऊ काम, थोडं थोडं मिश्रण, तेही पसरट ताटात.

एरोसिल (सिलिकाची हलकी पूड) घालून लोण्याइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी बाहेरच्या कातड्यावर दातेरी पट्टीने पसरलं, प्लाय बसवला, वरच्या कडेला सी-क्लॅम्प आणि मधे जुन्याच बोल्टांच्या भोकांतून तात्पुरते बोल्ट. चारही कडांनी लगदा बाहेर आला तेव्हा आत पोकळी नाही याची खात्री पटली. क्लॅम्प हलकेच आवळायचे. जोरात आवळले की सगळा लगदा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत अंगठ्याने गोलाई दिली, कारण काटकोनात कापड बसत नाही, खाली हवा राहते. त्यावर ६०० ग्रॅमचं काचतंतूंचं विणलेलं कापड तीन थर. पहिला थर बाजूच्या भिंतीवर चार इंच, पुढचा सहा, शेवटचा आठ. इथे नेहमीची चॉप्ड मॅट, म्हणजे तुकडे केलेल्या काचतंतूंची गोंदाने धरलेली चटई, चालत नाही. तिचा गोंद पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठच राहते. त्याच हप्त्यात कण्याची झीज दोन्हीकडे दोन-दोन इंच उतरती घासून याच कापडाने भरली.

भोकांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. १२ मिमीच्या बोल्टासाठी आधी २० मिमीचं भोक, बाहेरून टेप, आत घट्ट इपॉक्सी ठासून भरलं. वाळल्यावर त्याच्याच मधोमध १२.५ मिमीचं. आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही. सीलंट गळालं तरी पाणी इपॉक्सीच्या नळीतच अडकतं. बुचाच्या बाहीलाही हेच केलं. सगळं पाण्याने धुऊन, घासून, वर पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन हात मारले. उघडं इपॉक्सी उन्हात खडूसारखं पडतं. रंग जुन्याशी जुळला नाही. मागून बोट आता ठिगळासारखी दिसते.

इंजिन चढवताना स्टीलचे बोल्ट, आतून रुंद स्टीलची पट्टी आणि पीयू सीलंट. पहिल्यांदा सीलंट नुसतं कडेने डोकावेल इतकंच आवळलं. एक दिवसाने पूर्ण, पण बोल्ट धरून ठेवून फक्त नट फिरवला. बोल्ट फिरला की तयार झालेलं सील तिथेच तुटतं.

सांगलीच्या माई घाटावर चाचणी घेतली. वाळूची साडेतीनशे किलो पोती, दोन माणसं. बुचाभोवती आत वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा चिकटवला. फुल थ्रॉटल, एकदम बंद, मागची लाट फळीवर चढू दिली, असं बारा वेळा. पाऊण तासाने कागद सोलून काढला तर त्यावरची अक्षरं कोरडी होती. काठावर आल्यावर नट पुन्हा तपासले. दोन जागी पाव फेरा बसला. पहिल्या फेरीनंतर तेवढा बसतोच.

"बूच बदललं न्हवं?" दोघांपैकी थोरल्याने विचारलं.

रबर बदललं होतं. बोट ट्रॉलीवर चढल्यावर बूच काढलं, वीतभर दोरीने मागच्या सीटला बांधलं, आणि बोट उभी करताना नाक वर राहील अशी टेकवून साचलेलं पाणी त्याच भोकातून कसं जातं, ते एक बादली ओतून दाखवलं.