तुम्ही विचारलंत म्हणून: मी तेव्हा हात का सोडला

लग्नात, तेरवीला, एसटी स्टँडवर, कुठेही भेटा, प्रश्न तोच. व्हीलचेअर टेबल टेनिसमध्ये तुझा क्लास, म्हणजे शरीर किती चालतं त्यावरून ठरणारा गट, ४ चा ५ झाला तेव्हा गप्प का बसलीस, तपासणीत जराशी लवंडून दाखवलं असतंस तर आज चारमध्येच असतीस ना? मामा तर सरळ म्हणतो, "अवं, त्याईनं हात सोड म्हनलं त तुनं काहून सोडला?" दर वेळी मी काहीतरी तुटक बोलून विषय संपवते आणि घरी आल्यावर मनातल्या मनात भांडत बसते, म्हणून आज एकदाचं लिहून टाकते. विहिरीचं, ऑपरेशनचं, पहिल्या दोन वर्षांचं तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत नाही लिहीत.

तुम्हाला क्लास ४ एवढा जवळचा का वाटतो तेही मला माहीत आहे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये २०२१ ला भाविना पटेलने सिल्व्हर आणलं ते क्लास ४ मध्येच. क्वार्टरला तिने रिओच्या चॅम्पियनला, सर्बियाच्या पेरिच-रांकोविचला, सरळ तीन गेममध्ये हरवलं, ती मॅच मी आपल्या पडवीत मोबाईलवर पाहिली, शेजारच्या पोरींनाही हाका मारून बसवलं होतं. त्यानंतर गावाने माझं गणित मांडून टाकलं की ही पण चारमध्ये, ही पण जाणार. मीही मांडलं होतं, खोटं कशाला बोलू.

व्हीलचेअरचे क्लास १ ते ५. चारवाल्याला बसता येतं पण कमरेची पकड पुरती नसते, पाचवाल्याचं धड पूर्ण चालतं. कागदावर एवढंच. टेबलवर मात्र सगळा खेळ शॉर्ट बॉलचा असतो, समोरची नेटच्या अगदी जवळ, खाली स्पिन देऊन बॉल टाकते आणि तो तिथेच मरतो. पाचवाली पुढे वाकते, उचलते, परत सरळ होते. मी डाव्या हाताने चाक धरते, स्वतःला पुढे ढकलते, बॉल घेते आणि परत मागे येईपर्यंत पुढचा बॉल माझ्या बाजूने निघून गेलेला असतो. शॉट मारून झाल्यावर तोल सावरायला रिकामा हात टेबलला लावता येतो, टेबल हललं नाही पाहिजे फक्त, पण त्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही.

आता क्लास ठरवायच्या तपासणीच्या त्या दिवसाचं. खोलीत एक उंच बाक होता, पाठीला टेकू नाही. दोघं तपासणारे. आधी पायाचे स्नायू पाहिले, मग बसवलं. एकाने खांद्याला हात लावून डावीकडे ढकललं, उजवीकडे ढकललं, मी सावरले. मग म्हणाले, दोन्ही हात छातीवर घ्या, पुढे वाका आणि हात न लावता वर या.

हे मला घरी बाजेवर आईने शिकवलं होतं. फिजिओने एकदा दाखवलं आणि नंतर ते सगळं तिनेच केलं, शेतातून आली की हातपाय धुऊन माझ्या मागे बसायची, ब्लाऊजच्या मागून मला धरायची आणि विचारायची, "सोडू काय?" मी नको म्हणायचे. महिनोन्‌महिने नको म्हणायचे. मग एकदा सोड म्हटलं आणि तोंडावर पडले, बाजेची सुतळी गालाला रुतली, ती रडली आणि मीच तिला म्हटलं परत धर. त्याच्या कितीतरी नंतर एका संध्याकाळी मी वाकले आणि वर आले, तिचे हात माझ्या अंगाला नव्हते, हवेत धरलेले होते.

तर त्या खोलीत मला पुढे वाका म्हणाले तेव्हा डोक्यात ना क्लास होता ना मेडल. मी वाकले आणि वर आले. थोडी डुगडुगले, पण आले. त्यांनी एकमेकांकडे बघून काहीतरी लिहिलं, नंतर माझी मॅचही बघितली, आणि मग लिस्टमध्ये माझ्या नावापुढे ५.

आता तुमचा सल्ला. मुद्दाम कमी दाखवणं नियमात गुन्हा आहे, सापडलं तर बंदी येते, हे मी तुम्हाला दर वेळी सांगते आणि ते खरंही आहे. पण बंदीची भीती हे माझं कारण नव्हतं. तिथे पडून दाखवायचं म्हणजे आईच्या त्या सगळ्या संध्याकाळी खोट्या करायच्या. हे मी कोणाला तोंडावर बोलू शकले नाही, कारण बोलायला गेले की गळा भरतो.

आणि तक्रार? फी भरून अर्ज करता येतो, वेळेत करावा लागतो. मी काय लिहिणार होते त्यात? की मी वर आले ती चूक होती? पण हेही सांगते, त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत मला मामाचंच बरोबर वाटत होतं. खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातली नोकरी डोळ्यासमोर होती, त्याला मेडल लागतं, आणि चारमध्ये ते आवाक्यात दिसत होतं. एकदा वर येता येणं आणि मॅचभर दर शॉर्ट बॉलला वर येता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पाचव्या गेमपर्यंत माझी कंबर संपलेली असते, हे त्या बाकावर कसं दिसणार? हे लिहायला हवं होतं, असं तेव्हाची मी म्हणते. आजची मी म्हणते, लिहिलं असतं तरी त्यांनी मॅच पाहिलीच होती की. दोघींचं पटत नाही. कधी तिचं खरं वाटतं, कधी माझं.

पाचमध्ये मी हरते, बरीच हरते. समोर बहुतेक लहानपणी पोलिओ झालेल्या, ज्यांचं धड दणकट आहे अशा बायका असतात, आणि त्यांच्या मेहनतीवर मी शंका घेणार नाही. पण खेळ सोडलेला नाही, हेही विचारता म्हणून सांगते. शाळेच्या टेबलाच्या खालचा लोखंडी दांडा गुडघ्यांना लागायचा, तो दादाने वेल्डिंगवाल्याकडून काढून टेबलाचे पाय आत सरकवून आणले, नियमाप्रमाणे कडेपासून ४० सेंटिमीटर. मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हातही पंखा बंद ठेवावा लागतो, बॉल २.७ ग्रॅमचा, वाऱ्याने भरकटतो. आता मी चाक धरायच्या ऐवजी खुर्चीची बाजू धरून वाकायचं बघतेय, दहातले काही बॉल येतात, बाकीचे मरतात.

सध्या अडचण क्लासची नाहीच, समोर कोणी नसण्याची आहे. दादा कापसाच्या दिवसात येऊ शकत नाही, भिंतीवर मारून शॉर्ट बॉल शिकता येत नाही. शाळेचा हॉल संध्याकाळी सातनंतर मोकळा असतो, किल्ली माझ्याकडे आहे. ज्याला कोणाला नेटजवळ बॉल टाकता येतो त्याने यावं, येत नसेल तर मी शिकवते. मामा, तू पण ये.