पॅकिंगच्या टेबलावरची टर्नर

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपच्या गेटवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ ही पाटी तीन महिने लटकत होती. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन. दिवाळीला गावी गेलेल्या दोघांना चाकणला जास्त पगार मिळाला, ते परतलेच नाहीत. एक मशीन ताडपत्रीखाली, दुसऱ्यावर एकच माणूस बारा-बारा तास. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, त्यामुळे मालकांची चिडचिड माझ्यावर.

त्या मंगळवारी तोही तापाने फणफणला. मशीनवर मी उभा राहिलो. मी सुपरवायझर खरा, पण गेली कित्येक वर्षं हात डिस्पॅचच्या कागदांतच. बुशचा, म्हणजे पोकळ गोल नगाचा, बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर, वर सूट फक्त वीस मायक्रॉनची, म्हणजे २५.०२ पर्यंत. चाळीसेक नग निघाले असतील, तेवढ्यात पॅकिंगच्या ताई उठून आल्या. कंत्राटदाराकडच्या हेल्पर, नऊ ते एक.

“साहेब, स्नॅप गेजची गो बाजू जात नाहीये. इन्सर्ट झिजलाय, ओडी वाढत चाललाय.”

स्नॅप गेज म्हणजे माप तपासायचं साधन; त्याची गो बाजू चांगल्या नगावरून सहज जायला हवी. इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक, ओडी म्हणजे बाहेरचा व्यास. मायक्रोमीटर लावला. २५.०३!

मी घाईघाईने इन्सर्टची बाजू फिरवली आणि सायकल स्टार्टकडे हात नेला. “थांबा, वेअर ऑफसेटमध्ये कालचं करेक्शन तसंच आहे. पहिलाच नग कमी मापाचा निघेल,” ताई म्हणाल्या. खरंच होतं. जुनं टोक झिजलं म्हणून मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती नव्या टोकाला चालत नाही. मोठा नग पुन्हा घासता येतो, कमी झालेला थेट भंगारात.

कुठे शिकलात, विचारलं. आयटीआय, टर्नर म्हणजे लेथचं काम, दोन वर्षांचा कोर्स. लग्नाआधी चार वर्षं मशीनवर.

“मग सांगितलं का नाही?”

“विचारलं कुणी? फॉर्मवर दहावी पास लिहा म्हणाले, हेल्परला तेवढंच लागतं.”

त्या चारच तास येतात ते घरच्या अडचणीमुळे, असं मी आपलं मनाशी धरून चाललो होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी आठ तास मागितले होते; पॅकिंगला तेवढं काम नाही म्हणून कंत्राटदाराने नाकारले. त्यांना हवी होती सकाळची सात ते साडेतीन. ताडपत्रीखालचं मशीन त्या शिफ्टलाही बंदच.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून मार्कशीट आली. मालक म्हणाले, “महिनाभर हेल्परच्याच रेटने बघू.” एरवी मी मान डोलावली असती. “पाटीवरचा पगार द्या, नाहीतर याही चाकणला जातील,” म्हटलं. कुरकुरत का होईना, कबूल झाले.

सोमवारी ताडपत्री काढली. चकवर, म्हणजे नग पकडणाऱ्या जबड्यावर, गंज धरला होता. ताईंनी आधी पॉलिश पेपर आणि तेल मागितलं.