धरणातलं पाणी कोणत्या वेळी सुटतं?

मेफ्लाय, कॅडिसफ्लाय अशा नदीतल्या अनेक कीटकांच्या माद्या तिन्हीसांजेला काठाशी येतात आणि पाण्याच्या रेषेखाली, दगडाला अंडी चिकटवतात. ती फुटायला काही दिवस लागतात, कधी आठवडे. पण विजेची मागणी चढलेली असते नेमकी संध्याकाळी, म्हणून जलविद्युत केंद्र तेव्हा जास्त पाणी सोडतं आणि नदी फुगते. रात्री मागणी उतरली की पाणीही उतरतं, अंड्यांचा दगड उघडा पडतो आणि अंडी सुकून जातात. पाणी स्वच्छ असतं, त्यात प्राणवायूही भरपूर असतो, तरी कीटक नसतात. आणि कीटक नाहीत म्हटल्यावर मासे, पक्षी, वटवाघळं सगळ्यांचंच पोट मारलं जातं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली हेच झालं होतं. तिथे 2018 साली मे ते ऑगस्ट या काळात एक साधा बदल करून पाहिला: शनिवार-रविवार विसर्ग कमी आणि एकसारखा ठेवायचा. आठवड्याअखेर विजेची मागणी तशीही कमी असते, त्यामुळे नुकसान थोडं. त्या दोन दिवसांत घातलेली अंडी खालच्या पातळीवर असतात, सोमवारी पाणी चढलं की ती आणखी खोल जातात, उघडी पडत नाहीत. महिन्याभरात सोडायचं एकूण पाणी तेवढंच राहिलं, आणि कॅडिसफ्लायची संख्या लक्षणीय वाढली. अपारंपरिक ऊर्जा आणि नदीतली जीवसृष्टी यांचा मेळ कसा घालायचा, असं कुणी विचारलं की मी आधी हेच उदाहरण देते.

सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसा हा प्रश्न तीव्र होणार आहे. ऊन उतरलं, वारा पडला की ती तूट भरून काढायला जलविद्युत केंद्रं झटपट चालू-बंद केली जातात. यात पाणी चढण्यापेक्षा उतरण्याचा वेग जास्त घातक. माशांची पिल्लं काठाच्या उथळ गोट्यांमध्ये असतात. पातळी भराभर उतरली तर ती डबक्यांत किंवा थेट गोट्यांवर अडकतात. तासाला 10 ते 15 सेंटिमीटरपेक्षा वेगाने पाणी उतरू द्यायचं नाही, हा ट्राउट आणि सामन या माशांच्या नद्यांवरून आलेला आकडा सुरुवातीला धरायला चांगला. थंडीत, दिवसाउजेडी पिल्लं गोट्यांखाली दडून बसतात, तेव्हा पाणी आणखी संथपणे उतरायला हवं. विद्युतगृहाखाली छोटं समतोल तळं बांधता आलं तर केंद्र हवं तसं चालवता येतं आणि नदीला मात्र सपाट विसर्ग मिळतो. जागा असेल तिथे मला हाच उपाय सर्वांत प्रामाणिक वाटतो.

टर्बाइनमधून जाणाऱ्या माशाला पात्याचा फटका बसतो हे सगळ्यांना कळतं, दाबाचं मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. 10 मीटर खोलीवरच्या माशावर साधारण दोन वातावरणांइतका दाब असतो. पात्यामागे तो क्षणार्धात एका वातावरणाच्याही खाली जाऊ शकतो. दाब निम्मा झाला की माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू दुप्पट फुगतो आणि पिशवी फाटू शकते. म्हणून माशाला आत जाऊच न देणं बरं. त्यासाठी टर्बाइनकडे जाणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गजांची जाळी लागते: मोठ्या ईलसाठी (सापासारखा लांब मासा) गजांमधली फट साधारण 15 मिलिमीटर, सामनच्या पिल्लांसाठी 10. जाळीवर काटकोनात येणारा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत हवा, नाहीतर मासा जाळीला चिकटून मरतो. जाळी तिरकी बसवायची आणि तिच्या टोकाला खाली उतरायची वेगळी वाट द्यायची. तिच्यासाठी टर्बाइनच्या पाण्याच्या काही टक्के पाणी राखून ठेवावं लागतं.

बिघडतं ते पानगळीत. पाला अडकून निम्मी जाळी बुजली की उरलेल्या फटींतला वेग दुप्पट होतो, वीज घटते, आणि कुणीतरी जाळीच काढून ठेवतं. जाळी साफ करणारं यंत्र पहिल्या अंदाजपत्रकातच धरलं नसेल तर ती जाळी फक्त कागदावर राहते. ईल बहुतेक शरदातल्या पहिल्या पुरांत, अंधाऱ्या रात्री समुद्राकडे निघतात. तेवढ्या रात्री टर्बाइन थांबवणं हाही चांगला मार्ग.

प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांसाठी मत्स्यसोपान, म्हणजे पाण्याच्या पायऱ्यांची वाट, बांधतात. त्यातली नेहमीची चूक म्हणजे तोंड चुकीच्या जागी ठेवणं. मासा जोरदार प्रवाहाकडे पोहतो, म्हणजे टर्बाइनच्या पाण्याकडे. सोपानाचं तोंड तिथून दूर असेल तर त्याला ते सापडतच नाही. सामनला 30 सेंटिमीटरची पायरी चालते, दुबळ्या पोहणाऱ्यांना 15 ते 20 हवी. थायलंडमधल्या पाक मुन धरणाचा सोपान मेकाँग नदीच्या माशांच्या काही उपयोगी पडला नाही.

तरीही सगळ्यात मोठा फरक पडतो धरणाच्या जागेने. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पेनॉब्स्कॉट नदीवर 2012 आणि 2013 मध्ये समुद्राकडची दोन धरणं काढली आणि खोऱ्यातल्या इतर केंद्रांची क्षमता वाढवली. एकूण वीज घटली नाही, आणि समुद्रातून चढणारे हेरिंग मासे काही वर्षांत लाखांनी मोजावे लागले. मेकाँगच्या सेकाँग, सेसान, स्रेपोक या उपनद्यांच्या 2018 च्या अभ्यासाचंही तेच सांगणं: एकेक धरण सुटं मंजूर होत गेलं आणि निम्म्याच्या आसपास जलविद्युत क्षमतेपायी नदीबरोबर वाहत जाणारी जवळपास 91 टक्के वाळू अडली. पूर्ण खोऱ्याचा नकाशा आधी मांडला असता तर 68 टक्के क्षमता वापरूनही साधारण 21 टक्केच वाळू अडली असती.

तरंगत्या सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. नवी नदी अडवण्यापेक्षा जुन्या जलाशयावर ते टाकणं मला पटतं, पण सगळं पाणी झाकू नये. तळ्यांवरच्या एका प्रयोगात 70 टक्के पृष्ठभाग झाकल्यावर पाण्यातला प्राणवायू घटला आणि हरितगृह वायूंचं उत्सर्जन जवळपास 27 टक्क्यांनी वाढलं. उथळ काठ मोकळे सोडावेत, अंडी-पिल्लं तिथेच असतात.

जलविद्युतचे परवाने अनेकदा तीस-चाळीस वर्षांचे असतात, म्हणून अटी मोजता येतील अशाच लिहून घ्याव्यात. ‘पुरेसं पाणी सोडावं’ अशी अट कुणालाच तपासता येत नाही. धरणाखाली पातळी आणि तापमान दर पंधरा मिनिटांनी नोंदणारं यंत्र बसवावं, नोंदी सर्वांना खुल्या ठेवाव्यात, पाणी उतरण्याचा कमाल वेग आकड्यात लिहावा आणि दर पाच वर्षांनी तो बदलण्याची सोय परवान्यातच ठेवावी.