रडलं की खोल जातं

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

"रडताना दिलेलं औषध पोटात जातं, छातीत नाही." डॉक्टर हे चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले. पार्किंग मागच्या बाजूला आहे, हे सांगावं तसं. प्रज्ञाने मान डोलावली, मीही डोलावली. घरी येईपर्यंत मी काही बोललो नाही. आता लिहायला बसलोय, कारण झोप येत नाही आणि ठकूचं, आमच्या छाती भरलेल्या तान्ह्या लेकीचं, पुढचं औषध सहाला आहे.

नेब्युलायझर मशीनची वाफ नऊ दिवस, रोज चार वेळा, म्हणजे छत्तीस. त्यात मास्क चेहऱ्याला टेकवला तेव्हा किती वेळा ठकू शांत होती हे मोजायला एका हाताची बोटं पुरून उरतील. बाकी प्रत्येक वेळी तिला मांडीत आवळून धरलं, मास्क दाबला आणि ती किंचाळत असताना मनात म्हटलं, रडू दे, रडलं की औषध खोल जातं. हे पहिल्यांदा कुणी सांगितलं ते आता आठवतही नाही. माई म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, जिथे पहिली वाफ दिली तिथल्या सिस्टरही म्हणाल्या. ऐकायला पटतंच. तोंड एवढं मोठं उघडलेलं, म्हणजे औषधही भरपूर जात असणार.

प्रत्यक्षात रडणं म्हणजे जवळजवळ सगळा वेळ श्वास बाहेर. लांबलचक टाहो, आणि मग हुंदक्यासरशी झटकन ओढलेला एक श्वास. मास्कमध्ये जमलेलं धुकं टाहो बाहेर ढकलून देतो. झटक्याच्या श्वासाबरोबर जे आत जातं ते वेगात जातं, आणि वेगातल्या थेंबांना वळता येत नाही. ते घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतात, तिथेच चिकटतात आणि गिळले जातात. छातीतल्या बारीक नळ्यांपर्यंत पोचायला थेंब साधारण एक ते पाच मायक्रॉनचा लागतो आणि श्वास संथ लागतो. थेंबांचं मशीन बघतं. श्वास संथ ठेवणं माझ्याकडे होतं.

म्हणजे नुसता छळ झाला असता तरी एक वेळ चाललं असतं. औषधासाठी छळ, असं म्हणता आलं असतं. इथे छळही झाला आणि औषधही गेलं नाही. हेच मघापासून डोक्यात फिरतंय. तिच्या रडण्याचा मला आधार वाटत होता. जितकी जोरात रडेल तितकं काम होतंय असं वाटायचं.

आपण याला वाफ म्हणतो तिथूनच घोटाळा सुरू होत असावा. पातेल्यातल्या वाफेशी याचं काही नातं नाही. कॉम्प्रेसर दाबाने हवा सोडतो, ती कपाच्या तळातल्या बारीक भोकातून सुटते, औषध वर ओढलं जातं आणि त्याचे फुटून कण होतात. हे धुकं गार असतं. मशीन चालू असताना कपाला हात लावला तर कपही गार लागतो. आज कपात नुसतं सलाईन घालून मोठा मास्क स्वतःला लावून पाहिला. नाकाच्या शेंड्यावर गारवा, नव्या प्लास्टिकचा वास, कानाशी घरघर. मिनिटभरात काढून ठेवला. डिसेंबरच्या रात्री पांघरुणातून उचललेल्या गालावर हे आठ मिनिटं, आणि वर बापाचा तळवा.

तळव्यावरून आठवलं. खरं तर विसरलो नव्हतोच. संध्याकाळी तिचं नाक पुसायला डावा हात पुढे केला, हातात माईचं जुनं मऊ फडकं होतं, तर तिने डोळे गच्च मिटून मान फिरवली. उजव्या हाताने पुसलं तर पुसू दिलं. मास्क मी डाव्या हाताने धरतो.

प्रज्ञा दूध पाजते, माई टाळ्या वाजवते, अण्णा पायावर झोके देतात. माझ्या वाट्याला मास्क. हे कुणी ठरवलं नव्हतं, माझा हात मोठा आणि मला रात्री जाग येते एवढंच. प्रज्ञाशी बोलायला हवं होतं, पण सध्या आमचं बोलणं म्हणजे… जाऊ दे.

मधले चार दिवस मी एक पळवाट काढली होती. ती रडते ना, मग मास्क टेकवायचाच नाही, तोंडासमोर थोडा लांब धरायचा. शांतता झाली. ठकू धुक्याकडे बघत बसायची, हात घालून पकडायला जायची, सगळे खूश. डॉक्टरांनी आज तेही निकालात काढलं. मास्क चेहऱ्यापासून एक सेंटिमीटर सुटला की पोचणारं औषध निम्म्यावर येतं, दोन सेंटिमीटरवर तर नावापुरतं उरतं. त्या चार दिवसांतलं औषध पडद्यांना गेलं, सोफ्याला गेलं आणि बरंचसं अण्णांना. ते शेजारी पेपर घेऊन बसायचे. या घरात सध्या सगळ्यात मोकळी छाती त्यांची आहे. "मला बरं वाटतंय रे हल्ली" असं परवा म्हणालेही होते. तेव्हा वाटलं, थंडी मानवली असेल.

आणि कप. ठकूसाठी लिव्होसालब्युटामॉलची (हे नळ्या मोकळ्या करतं) 0.31 मिलीग्रॅमची अँप्युल लिहिलीय, ती अडीच मिलीची असते. (मात्रा प्रत्येक बाळाची वेगळी, शेजारच्याची चिठ्ठी आपल्याला चालत नाही.) ब्युडेसोनाइडची (हे सूज उतरवतं) अँप्युल दोन मिलीची. मी ती तशीच ओतून चालू करायचो. पण कपाच्या तळाशी आणि कडांना शेवटी अर्धा ते एक मिली औषध उरतंच, ते धुक्यात कधी येतच नाही. दोन मिली ओतलं तर त्यातलं एवढं वाया. म्हणून सलाईन घालून एकूण तीन, फार तर चार मिली करायचं. उरायचं तेवढं उरतंच, पण पातळ होऊन उरतं. सलाईनच हवं, फिल्टरचं किंवा उकळलेलं पाणी अजिबात नाही. साध्या पाण्याच्या धुक्याने नळ्या उलट आकसू शकतात. कप फुसफुसायला लागला की बोटाने टिचक्या मारायच्या, कडांचे थेंब खाली येतात. पुन्हा फुसफुसला की बंद. मी मात्र धुकं दिसतंय तोवर चालू ठेवायचो, म्हणजे शेवटची तीन मिनिटं निव्वळ हौस.

कप तिरका झाला की अर्ध्यात धुकं थांबतं, कारण औषध नळीच्या तोंडापासून बाजूला सरकतं. झोपलेल्या ठकूला आडवं ठेवून दिलं तेव्हा हेच होत होतं. तिला उभ्या पाठीने मांडीत बसवायचं, तिची पाठ माझ्या छातीला, तिचे हात माझ्या एका हाताखाली हलकेच. आवळायचं नाही. झोपेत उरकून टाकू हा माझा बेत तसाही चार वेळा फसला. गार धुकं लागलं की ती दचकून उठते, आणि दचकून उठलेली ठकू जागेपणीच्या ठकूपेक्षा दुप्पट रडते.

नाकाचंही कुणी सांगितलं नव्हतं. इतकी लहान बाळं प्रामुख्याने नाकाने श्वास घेतात. नाक शेंबडाने बंद असेल तर मास्क लावणं म्हणजे बंद दारावर टकटक. आधी दोन्ही नाकपुड्यांत सलाईनचे थेंब, दोनेक मिनिटं थांबायचं, मग पुसायचं किंवा ओढून घ्यायचं. यात ती रडतेच. म्हणून हे रडणं आधी संपू द्यायचं, तिला खिडकीशी नेऊन कावळे दाखवायचे, मग मास्क.

खिडकी उघडायची मात्र पंचाईत. थंडी पडली की खाली रस्ता झाडणारे पालापाचोळा पेटवतात आणि तो धूर थेट आमच्या तिसऱ्या मजल्यावर. घरात वेगळाच धूर. माई आंघोळीनंतर धुरी देते, शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप. मी लहान असताना मलाही दिली, मी जगलो, हा तिचा पुरावा. आज मी सांगितलं, छाती भरलेल्या बाळाला कुठलाच धूर नको, धुरी नको, अगरबत्ती नको, कॉइलही नको. ती काही बोलली नाही. तिने शेगडी उचलून बाल्कनीत ठेवली आणि जेवताना माझ्या ताटात भाजी वाढली नाही. मी स्वतः वाढून घेतली.

डॉक्टरांनी उद्यापासून मशीन बंद करून पंप लिहिलाय, स्पेसर आणि बेबी मास्क लावून. माईचं यावरही मत आहे. "एवढ्याशा पोरीला पंप? सवय लागेल." तेच औषध मशीनमधून दिलं की वाफ, आणि डबीतून दिलं की पंप. मलाही आत कुठेतरी तसंच वाटलं, हे लिहून ठेवतो. मशीन घरघरतं, दिवा लागतो, काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. स्पेसर म्हणजे नुसती प्लास्टिकची बाटली. पण वेळ बघितला तर एका पफला सहा श्वास, दहाएक सेकंद. पंप हलवायचा, मास्क आधी नाकातोंडावर नीट बसवायचा, मग दाबायचा आणि झडपेकडे बघायचं. झडप हलली की एक श्वास. दुसरा पफ अर्ध्या ते एक मिनिटाने, पुन्हा हलवून. नवा स्पेसर वापरायच्या आधी भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. हे पुसणं माई नक्की करणार, म्हणून स्पेसर माझ्या कपाटात राहील.

मास्क मात्र स्पेसरलाही आहेच. नाकाच्या दांड्यापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत, कड गालांना सगळीकडून टेकलेली, डोळ्यांकडे फट नाही. रडली तर तिथेही औषध घशातच. वस्तू बदलली, हात तोच.

मघाशी एक वाजता ती खोकून उठली तेव्हा आधी श्वास मोजले. शर्ट वर करून, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, ती शांत असताना. बेचाळीस. तिच्या वयाला पन्नास किंवा वर गेले, फासळ्यांखाली खड्डे पडायला लागले, नाकपुड्या फुलल्या, दूध सुटलं किंवा ओठ निळसर दिसले, तर ही सगळी कारागिरी बाजूला ठेवून थेट दवाखाना. ते काही नव्हतं. म्हणून वेळ घेतला.

मशीन दारापाशी, नळी पुरेल तितकं लांब, आणि आधीच चालू केलेलं. कप नसलेला रिकामा मास्क तिच्या हातात दिला. तिने चावला, फेकला, पुन्हा मागितला. मी तो माझ्या नाकावर ठेवून शिंकल्यासारखं केलं. हसली नाही, पण बघितलं. मग तिच्या हनुवटीला टेकवला आणि काढला. गालाला, काढला. तोंडाला, काढला. यात दहा मिनिटं गेली. एरवी एवढ्यात मी सगळं उरकून कप धुवून झोपलेलो असतो. मग औषध भरलं, कप जोडला, आणि या वेळी उजव्या हाताने धरला.

दोन मिनिटं बसली. खरंच बसली, तोंड उघडं, नजर अण्णांच्या टोपीकडे. मग रडली. मी मशीन बंद केलं. नऊ दिवसांत रडल्यावर मशीन बंद करायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. कप सरळ धरून वाट बघितली, हुंदके थांबले, पुन्हा लावलं. आणखी तीन मिनिटं. पुन्हा रड, पुन्हा बंद. शेवटचं थोडं राहिलं ते राहिलं. आधीच्या छत्तीस वेळांतलं सगळं मिळून आज गेलं त्याहून जास्त गेलं असेल का, याचा हिशोब करायला बसलो होतो. पडद्यांचा वाटा कसा वजा करायचा ते कळेना.

नंतर ब्युडेसोनाइड, ते नेहमी दुसरं. ते झाल्यावर ओल्या फडक्याने तिचा चेहरा पुसला आणि दोन चमचे पाणी पाजलं, म्हणजे तोंडात पांढरे डाग पडत नाहीत आणि गालावरची कातडी खराब होत नाही. फडकं डाव्या हातात होतं. तिने मान फिरवली.

आत्ता कप आणि मास्क कोमट पाण्याने धुवून पालथे घातलेत. नळी धुवायची नसते, पण आज आत वाफ धरून थेंब दिसत होते. ती सुकवायला कप न लावता नुसतं मशीन चालू ठेवलंय, तिच्या पाळण्यापासून दीड हातावर, कारण दुसरा प्लग चालत नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली. एवढा आवाज होतोय, आणि ठकू हललीसुद्धा नाही.