परत पर्वती

रविवार. आत्ताच पर्वतीवरून आलोय, चहा झाला (बिनसाखरेचा, त्यावर बोलायला नको), आंघोळ बाकी.

चौदा आठवडे झाले त्या पहाटेला. छातीत जळजळत होतं, आदल्या रात्री भाचीच्या साखरपुड्यात मटार करंज्या हाणल्या होत्या म्हणजे अ‍ॅसिडिटीच असणार, म्हणून आधी इनो, मग थंड दूध, मग गच्चीत फेऱ्या, असे चांगले दोन तास घालवले मी, शहाण्याने. डाव्या हातात कळबिळ काही नाही, जबडा दुखत होता तर म्हटलं दाढ असेल. घामाने बनियन पिळण्याइतकं ओलं झालं तेव्हा बायको म्हणाली, अहो ही कसली अ‍ॅसिडिटी, उठा आधी. हार्ट अटॅकच होता, एलएडी (हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी) पूर्ण बंद निघाली. मनगटातून अँजिओप्लास्टी केली, मी जागाच होतो, स्क्रीनवर शीर मधेच खुडल्यासारखी दिसत होती आणि स्टेंट बसल्यावर ती काळी रेघ सरसर खाली उतरली, तिला फांद्या फुटल्या. ते मात्र विसरणार नाही.

खरा त्रास घरी आल्यावर. चोवीस तास छातीकडे कान. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू येतात, ढेकर आला तरी पोटात गोळा. रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या वर्षभर घ्यायच्यात, त्यामुळे दाढी करताना जरा कापलं की थांबता थांबत नाही. पाच मिनिटं चालण्यापासून सुरुवात केली, सोसायटीतल्या सोसायटीत, वॉचमनसुद्धा काळजीने बघायचा.

टीएमटी (पट्ट्यावर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) नीट आली तेव्हा डॉक्टर म्हणाले चढा पर्वती, पण बोलत बोलत, वाक्य मधे तुटायला लागलं की थांबायचं. ठोके वाढू न देणारी गोळी चालू आहे, घड्याळातला पल्स शंभरीच गाठत नाही, त्या आकड्यावर काय भरवसा ठेवणार. म्हणून आज १०३ पायऱ्या बडबड करत चढलो. काय बोलावं सुचेना तर नानासाहेब पेशव्यांवर घसरलो, पानिपतची हाय खाऊन १७६१ साली इथेच पर्वतीवर गेले वगैरे. बायको म्हणाली, दुसरं काही सुचत नाही का हो?

अर्ध्यावर छातीत बारीक टोचलं. बसलो. ती काही बोलली नाही, पर्समधून सॉर्बिट्रेटची (छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळीची) स्ट्रिप काढून मुठीत धरून शेजारी बसली. मी हात वर केला तर परत टोचलं, खाली घेतला तर बंद, म्हणजे काल माळ्यावरून पेटी काढताना बरगडीपाशी धरलं होतं तेच. उठलो, वर गेलो, देवदेवेश्वराला नमस्कार केला. स्ट्रिप तिच्या मुठीतच होती, पार चुरगळलेली.

उतरताना उजवा गुडघा ठणकायला लागला. इतक्या दिवसांत छाती सोडून दुसरं काहीतरी दुखतंय, काय बरं वाटलं म्हणून सांगू. आता बाम चोळत बसलोय.