हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर आधी मिलिमीटर बघा

सॉलिटेअर, म्हणजे एकच मोठा हिरा, घ्यायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतं: रंग कुठला आणि क्लॅरिटी (आतल्या-वरच्या डागांचं प्रमाण) काय. हिरा लखलखतो तो कटमुळे, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यामुळे, आणि नेमकी त्याची चौकशी राहून जाते.

1 कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम, म्हणजेच 100 सेंट. नीट पैलू पाडलेला 1 कॅरटचा गोल हिरा साधारण 6.5 मि.मी. व्यासाचा भरतो. सर्टिफिकेटवर 6.1 मि.मी. दिसलं, तर बाकीचं वजन जाड गर्डलमध्ये (हिऱ्याच्या सर्वात रुंद कडेत) किंवा खोल पोटात गेलंय असं समजा. वरून तो 80-85 सेंटएवढाच दिसणार. 99 सेंट आणि 1 कॅरट यांच्या दरात पायरी आहे, म्हणून कारागीर वजन वाचवतो. माझ्या मते अशा वेळी 92 सेंटचा, 6.3 मि.मी.चा, चांगल्या कटचा खडा घेणं केव्हाही शहाणपणाचं.

गोल हिऱ्यात पॅव्हिलियनचा (गर्डलखालच्या पोटाचा) कोन 40.6 ते 41 अंश, क्राउनचा (गर्डलवरच्या भागाचा) 34 ते 35 अंश आणि टेबल (वरचा सपाट पैलू) व्यासाच्या 54 ते 58 टक्के असेल, तर सहसा प्रकाश खालून निसटत नाही. पोट फार उथळ असलं की टेबलच्या आत करडं वलय दिसतं. फार खोल असलं की मधोमध काळं पडतं. कटच्या ‘एक्सलंट’ या सर्वोच्च शेऱ्याची पट्टी बरीच रुंद आहे, तेव्हा शेऱ्यावर न थांबता कोनही वाचा. आणि एक फसगत: जीआयए (हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी अमेरिकी संस्था) कटचा शेरा फक्त गोल ब्रिलियंटला देते. ओव्हलच्या सर्टिफिकेटवरचं ‘एक्सलंट’ पॉलिशचं किंवा सिमेट्रीचं असतं. ओव्हल हलवून बघायचा. मधला काळा बो-टाय (बो-टायच्या आकाराची सावली) किती ठळक आहे, ते कागद सांगत नाही.

रंगाची पट्टी डीपासून (रंगहीन) झेडपर्यंत (पिवळसर). तो ठरवताना हिरा पालथा ठेवून नमुन्याच्या खड्यांशी ताडतात, कारण सुलटा असताना चमक पिवळसर झाक लपवते. पिवळ्या सोन्यात आय-जे सहज खपून जातो. तिथे डी-ईसाठी पैसे मोजणं मला उधळपट्टी वाटते. प्लॅटिनममध्ये मात्र जी-एच बरा.

क्लॅरिटी 10 पट भिंगातून ठरते. भिंग डोळ्याला टेकवून हिरा अडीच सेंटिमीटरवर आणा. हात लांब धरून काही दिसत नाही. एसआय1 मध्ये (भिंगातून डाग सहज दिसणारी मधली प्रत) डाग कुठे आहे ते महत्त्वाचं. कडेचा पांढरा ठिपका प्राँगखाली (हिरा धरणाऱ्या नखीखाली) जातो, टेबलखालचा काळा जात नाही. गर्डलपर्यंत आलेली चीर असेल, तर जडवताना टवका उडू शकतो.

कुड्या-नथीतल्या बारीक हिऱ्यांना सहसा सुटं सर्टिफिकेट नसतं, अख्ख्या लॉटचा एकच दर्जा सांगतात. दागिन्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याची नाही. साधा उष्णतेवर चालणारा टेस्टर लॅबमध्ये बनवलेला आणि खाणीतला हिरा वेगळा ओळखत नाही. दोन्हीला तो ‘हिरा’च म्हणतो. म्हणून खाणीतला असल्याचं सर्टिफिकेटवर लिहिलेलं हवं, आणि गर्डलवर लेझरने नंबर कोरला असेल तर तो जडवण्याआधीच भिंगातून जुळवून घ्या. नंतर तो प्राँगखाली दबू शकतो.